पर्वती चढताना काही नाही, उतरताना पाय जातात: जाड झालेल्या पिवळ्या अस्थिबंधाचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ६७. भोसरी एमआयडीसीत लेथवर ३२ वर्षं टर्नरचं काम केलेलं, निवृत्तीनंतर मुक्काम पर्वती पायथ्याला. मधुमेह १४ वर्षांचा, मेटफॉर्मिन पहिल्यापासून चालू. वजन ८१ किलो, उंची १६८ सेंमी. (रुग्ण प्रातिनिधिक आहे. या आजारात वेगवेगळ्या माणसांत दिसणाऱ्या खुणा इथे एकाच माणसात आणल्या आहेत, म्हणजे कारणांची उकल एका जागी करता येते.)

तक्रार तीन वर्षांची. "चढायला काही नाही हो डॉक्टर. १०३ पायऱ्या आजही एका दमात चढतो. उतरायला लागलो की निम्म्यावर पोटऱ्या भरून येतात, पाय आपले राहतच नाहीत. मग कठड्याला धरून वाकून उभा राहतो. दोन मिनिटांत परत ठीक."

सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "मंडईत गेलं की हे प्रत्येक गाड्यावर रेलून उभे. मला वाटायचं, भाव करतायत."

एवढ्यात निदान निम्मं झालं होतं. पायऱ्या चढताना माणूस कंबरेतून पुढे झुकतो, तेव्हा कंबरेच्या मणक्यांमधली नळी, जिच्यातून पायांच्या नसा जातात, थोडी मोकळी होते. उतरताना तोल सांभाळायला धड मागे जातं, कंबरेची खोली वाढते आणि नळी आवळली जाते. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या असत्या तर नेमकं उलटं झालं असतं: चढताना पोटऱ्यांना जास्त रक्त लागतं, तेव्हा त्रास चढावर झाला असता आणि वाकण्याची गरज न पडता नुसतं उभं राहून थांबला असता. सायकलचा प्रश्नही याच कारणासाठी विचारायचा. हे गृहस्थ सारसबागेपर्यंत आणि परत, शिवाय आसपास, मिळून ४० मिनिटं सायकल चालवत होते, तक्रार शून्य. हँडलवर वाकलेली कंबर हेच त्यांचं औषध होतं. चालताना पाय जाणं आणि वाकलं की परत येणं हे चित्र अरुंद झालेल्या नळीशी ठामपणे जोडलं ते डच शल्यचिकित्सक हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली. आजही एमआरआयच्या आधी हेच चित्र विचारून घ्यावं लागतं, कारण साठीनंतरच्या बऱ्याच माणसांची नळी फिल्मवर अरुंद दिसते आणि त्यातल्या अनेकांना काहीच होत नसतं.

आधीच्या दोन वर्षांच्या कागदांत दोन निदानं होती. पहिलं "गादी सरकली", त्यावर पट्टा आणि ट्रॅक्शन. दुसरं "शुगरमुळे नसा खराब", त्यावर रात्रीची गॅबापेंटिन. दोन्हींत थोडं तथ्य होतं, म्हणूनच खरं कारण दोन वर्षं मागे पडलं.

तपासणीत काय सापडलं

पाय सरळ उचलून बघितला तर दोन्ही बाजूंना ८० अंशांपर्यंत दुखणं नाही. सरकलेल्या गादीत सहसा असं नसतं. दोन्ही पावलांवरच्या नाड्या लागत होत्या. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर उजवीकडे १.०४, डावीकडे १.०८. मधुमेहात धमन्या चुन्यानं कडक झाल्या तर हे गुणोत्तर फसवं जास्त येतं, त्यामुळे आकड्यावर न थांबता नाडी हातानं तपासायचीच. उजव्या पायाच्या अंगठ्याची वर उचलण्याची ताकद ५ पैकी ४. घोट्यांचे रिफ्लेक्स दोन्हीकडे नाहीत, अंगठ्याला ट्यूनिंग फोर्कची थरथर कळत नाही: हा मधुमेहाचा वाटा. त्यांना सरळ उभं करून पाठ हलकेच मागे वाकवली, तर ३० सेकंदांत उजव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत मुंग्या सुरू झाल्या. पुढे वाकवल्यावर गेल्या.

मान आणि हातही बघितले. मानेतली नळी अरुंद असेल तर पाय जड होण्याचं कारण वरही असू शकतं, आणि दोन्ही ठिकाणी एकाच वेळी अरुंदपणा असणारे रुग्ण कमी नाहीत. मानेचं काही निघालं नाही. पण दोन्ही तळहातांच्या मुळाशी जुनी शिवण होती. "हात बधिर व्हायचे, अठ्ठावन्नाव्या वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरा असं ऑपरेशन झालं. त्याचा इथे काय संबंध?" संबंध होता. तो पुढे येईल.

रक्तात एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.४ टक्के, बी१२ जीवनसत्त्व मिलीलिटरमागे १६८ पिकोग्रॅम, म्हणजे कमी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ उतरतं. ते तपासल्याशिवाय पायाच्या मुंग्यांचा हिशेब मांडूच नये.

उभ्यानं वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्सरेत चौथा मणका पाचव्याच्या पुढे ३ मिमी सरकलेला, पण दोन्ही फिल्ममध्ये तेवढाच. म्हणजे सरकलेला आहे, डुलत नाही. एमआरआयवर एल ४–५ ला (कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये) गादीची उंची ७ मिमी, वरच्या एल ३–४ ला ११. नसांच्या आवरणाच्या पिशवीचं आडव्या छेदातलं क्षेत्रफळ एल ४–५ ला ५८ चौरस मिमी. साधारण १०० च्या खाली गेलं की अरुंद आणि ७५ च्या खाली गंभीर, असा रूढ हिशेब आहे. पिशवीत नसांचे धागे वेगळे ओळखू येत नव्हते, सगळा एकच राखाडी ठिपका; मागची चरबी मात्र अजून शिल्लक होती. शिझास यांच्या २०१० च्या वर्गवारीत ही सी पायरी. आणि मागून दोन्ही बाजूंनी दाबणारा पिवळा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंटम फ्लेव्हम: उजवीकडे ६.१ मिमी, डावीकडे ५.२. वरच्या पातळीवर ४.३. कंबरेत तो साधारण ३ ते ४ मिमी असतो.

ही जाडी मोजताना दोन चुका वारंवार होतात. छेद फॅसेट सांध्याच्या (दोन मणक्यांना मागून जोडणाऱ्या सांध्याच्या) मधोमध, गादीला समांतर नसेल तर अस्थिबंध तिरका कापला जातो आणि उगाच जाड दिसतो. मोजपट्टी लॅमिनाला, म्हणजे नळीच्या मागच्या हाडाच्या पट्टीला, काटकोनात धरायची, सगळ्यात जाड जागी. सांध्यातून फुगलेली पाण्याची पिशवी त्यात मोजली जाता कामा नये. शिवाय एमआरआय झोपवून, गुडघ्याखाली उशी देऊन काढतात. उभं राहिल्यावर नळी त्याहून अरुंद होते. फिल्मवरचे ५८ म्हणजे या माणसाचा चांगला आकडा.

पिवळा का, आणि जाड कसा होतो

अस्थिबंध म्हटलं की पांढरा, दोरीसारखा, न ताणणारा पदार्थ डोळ्यासमोर येतो. हा तसा नाही. वरच्या लॅमिनाच्या आतल्या पृष्ठभागापासून खालच्या लॅमिनाच्या वरच्या काठापर्यंत, मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून त्रिकास्थीपर्यंत, डावा-उजवा जोडीनं लागलेला. त्याच्या तंतूंत सुमारे ८० टक्के इलॅस्टिन आणि २० टक्के कोलॅजन. शरीरात इतकं इलॅस्टिन असलेल्या जागा मोजक्याच, आणि पिवळा रंगही त्याचाच. माणूस सरळ उभा असतानाही तो थोडा ताणलेला असतो. वाकलं की लांबतो, मागे झुकलं की आखडून सपाट राहतो. नळीची मागची भिंत गुळगुळीत ठेवणं हे त्याचं काम, आणि ते तो आखडतो म्हणूनच होतं.

अडचण इलॅस्टिनच्या स्वभावात आहे. ते गर्भात आणि लहानपणी तयार होतं. मोठेपणी पेशी ते जवळजवळ बनवत नाहीत, आणि बनवलं तरी मूळ वीण साधत नाही. साठीतल्या माणसाच्या कंबरेत जे इलॅस्टिन असतं ते बहुतांश त्याच्या बालपणीचं. तुटलेला तंतू परत येत नाही. त्या जागी शरीराला जे जमतं ते ते करतं: कोलॅजन भरतं. पायजम्याच्या जुन्या इलॅस्टिकचे रबरी धागे तुटले की पट्टी सैल होऊन दुमडते. त्यावर कोणी ठिगळावर ठिगळ लावत राहिलं तर शेवटी गोधडी होते, जाड आणि न ताणणारी. वैद्यकीय भाषेत हा फायब्रोसिस, म्हणजे व्रण. "अस्थिबंध वाढला" असं रिपोर्टात लिहिलेलं असतं, त्यामुळे व्यायामानं स्नायू वाढावा तसं काहीतरी लोकांना वाटतं. वाढ म्हणण्यासारखं त्यात फारसं नाही. वर्षानुवर्षांच्या बारीक फाटण्याची ती दुरुस्ती आहे.

फाटणं सगळीकडे सारखं होत नाही. वाकताना मणक्याचा फिरण्याचा आस गादीच्या आसपास असतो. अस्थिबंधाची पाठीकडची बाजू त्या आसापासून जास्त लांब, म्हणून तीच जास्त ताणली जाते. काढलेल्या ऊतीत हे सरळ दिसतं: नसांच्या आवरणाकडच्या थरात इलॅस्टिन बऱ्यापैकी शाबूत, पाठीकडच्या थरात व्रण. एल ४–५ ला हालचाल जास्त आणि वजनही जास्त, म्हणून सगळ्यात आधी तीच पातळी बिघडते. लेथवर उभं राहून दिवसभर पुढे झुकायचं, जॉब चकमध्ये लावताना वळायचं, ३२ वर्षं: या माणसाच्या पाठीकडच्या थरानं किती फेऱ्या सोसल्या असतील, त्याचा अंदाज येतो. अर्थात कारखान्यात पाऊल न ठेवलेल्यांनाही हे होतं. काम हे एकमेव कारण धरून भरपाईचे अर्ज लिहायला बसू नये.

फाटल्यावर पेशींच्या पातळीवर जे होतं त्याची साखळी आता बरीच स्पष्ट आहे. निरोगी पिवळ्या अस्थिबंधात रक्तवाहिन्या अगदी कमी असतात. तंतू तुटले की तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांच्यासोबत मॅक्रोफेज, म्हणजे मोडतोड साफ करणाऱ्या पेशी. त्या आणि वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी मिळून टीजीएफ-बीटा-१ हे प्रथिन सोडतात. सुरुवातीच्या टप्प्यात ते जास्त सापडतं, जुन्या जाड अस्थिबंधात तुलनेनं कमी. म्हणजे आग लावून ते मागे सरतं. त्याचा संदेश स्मॅड नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या केंद्रकात जातो. साधी फायब्रोब्लास्ट पेशी मायोफायब्रोब्लास्ट बनते, म्हणजे आखडणारी आणि भराभर कोलॅजन विणणारी पेशी. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन वाढतं. सोबतीला आयएल-६, आयएल-१ बीटा, टीएनएफ-अल्फा हे दाहाचे संदेशवाहक असतात. एमएमपी गटातली विकरं जुनं जाळं कापतात आणि त्यांना आवरणारी टिंप प्रथिनं कोलॅजन टिकवून धरतात. गंमत अशी की कापणारी विकरं जिथे वाढतात तिथे आधी इलॅस्टिन जातं, आणि त्याच्या जागी जे येतं ते कोलॅजन. उंदरांच्या अस्थिबंधाला मुद्दाम बारीक इजा करून पाहिलं, तेव्हा मॅक्रोफेज आले आणि मागोमाग व्रणाची जाडी आली. ताण नुसता असणं आणि ताणानं इजा होणं यांत फरक आहे तो इथे.

आता प्रश्न असा की ६.१ मिमीतली जाडी किती व्रणाची आणि किती दुमडीची. गादी बसली की दोन लॅमिना जवळ येतात आणि मधला अस्थिबंध आखूड होतो. ढोबळ हिशेब करता येतो. या माणसात एल ३–४ ला दोन लॅमिनांमधलं अंतर १४ मिमी, एल ४–५ ला ११. पूर्वी तिथेही १४ च्या आसपास होतं असं धरलं, अस्थिबंध ३.५ मिमी होता असं धरलं, आणि त्याचं आकारमान बदललं नाही असं मानलं, तर आखूड झाल्यावर त्याची जाडी ३.५ गुणिले १४ भागिले ११, म्हणजे सुमारे ४.५ मिमी. उरलेले दीड-एक मिमी नुसत्या दुमडीनं येत नाहीत, ते भरलेल्या पदार्थाचे. हिशेब ढोबळच आहे, पण "गादी बसली म्हणून अस्थिबंध फुगला, ट्रॅक्शननं गादी उचलली की तो सपाट होईल" या समजुतीला उत्तर द्यायला पुरतो. ज्याचं इलॅस्टिन शाबूत आहे त्याचा अस्थिबंध गादी बसली तरी आखडून बराचसा सपाट राहतो. आखडण्याची ताकद गेलेला दुमडतो. दुमड हीसुद्धा इलॅस्टिन गेल्याचीच खूण.

मधुमेह यात दोन वाटांनी शिरतो. पेशीत साखर जास्त झाली की अल्डोज रिडक्टेज विकर तिचं सॉर्बिटॉल करतं. मधुमेहींच्या पिवळ्या अस्थिबंधात सॉर्बिटॉल जास्त सापडलं आहे, आणि प्रयोगशाळेत त्यानं टीजीएफ-बीटाची वाट जागी होते. दुसरी वाट हळू: साखर कोलॅजनच्या तंतूंना चिकटून त्यांच्यात गाठी मारते, तंतू कडक होतात आणि विकरांना सहज कापता येत नाहीत. त्यामुळे मधुमेहात इलॅस्टिन लवकर जातं आणि व्रण जास्त टिकतो. लठ्ठपणात चरबीच्या पेशींतून येणाऱ्या लेप्टिनलाही या वाटेवर जागा आहे.

व्रण आणि दुमड यांच्यानंतर तिसरा प्रकार साठ्यांचा. अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतो तिथे काही पेशी कूर्चेच्या पेशींसारख्या होतात, आणि त्या जागी चुना किंवा चक्क हाड तयार होऊ शकतं. चुन्याचे साठे, विशेषतः कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे, वयस्क स्त्रियांत जास्त. पिवळ्या अस्थिबंधाचं हाड होणं कंबरेपेक्षा छातीच्या खालच्या मणक्यांत जास्त आढळतं, आणि तिथे खाली मज्जारज्जू असल्यानं ते जास्त घातक. एमआरआयवर व्रण, चुना आणि हाड तिन्ही काळेच दिसतात. म्हणून जाडी ५–६ मिमीच्या वर गेली की एक साधं सीटी काढून घ्यावं. हाड झालेला अस्थिबंध नसांच्या आवरणाला चिकटलेला असण्याची शक्यता मोठी, आणि शस्त्रक्रियेची तयारी त्यानुसार बदलते. या रुग्णाच्या सीटीत हाड नव्हतं.

आणि अमायलॉइड, म्हणजे चुकीच्या घडीनं गोठलेल्या प्रथिनाचे साठे. ट्रान्सथायरेटिन हे यकृतात बनणारं प्रथिन. थायरॉक्सिन आणि अ जीवनसत्त्वाची रक्तातून वाहतूक करतं. चार तुकड्यांची ही जोडणी म्हातारपणी काहींत सुटते, सुटे तुकडे चुकीच्या घडीनं गोठतात आणि अस्थिबंध, स्नायुबंध आणि हृदयाच्या स्नायूत साचतात. जनुकात दोष नसतानाही हे होतं, पुरुषांत जास्त. दोन्ही मनगटांचा कार्पल टनेल सिंड्रोम ही त्याची खूण हृदयाच्या लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकते. पिवळ्या अस्थिबंधातले साठेही त्याच घराण्यातले. साठ्यांमुळे अस्थिबंध जाड होतो की आधीच जाड झालेल्यात साठे येऊन बसतात, हा वाद मिटलेला नाही. पण ६७ वर्षांचा पुरुष, दोन्ही मनगटांची शस्त्रक्रिया झालेली, आता कंबरेची नळी अरुंद: इतकं जुळल्यावर शंका न घेणं ही चूक.

उपचार

"गोळीनं पातळ होईल का ते?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नाही होणार. टीजीएफ-बीटाची वाट अडवणारं, माणसाच्या पिवळ्या अस्थिबंधासाठी वापरात असलेलं औषध आज नाही. तेल, शेक, मसाज यांनी स्नायू सैल होतात, व्रण विरघळत नाही.

तरी पहिले १२ आठवडे शस्त्रक्रियेविना दिले, कारण अंगठ्याची कमजोरी सौम्य होती आणि लघवी-शौचावर ताबा पूर्ण होता. बी१२ ची इंजेक्शनं, पुढे वाकण्याचे व्यायाम, पोटाच्या स्नायूंना ताकद, घरी स्थिर सायकल रोज २० मिनिटं. वेदनाशामक रोज नको, मूत्रपिंडं मधुमेहानं आधीच दमलेली असतात. मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन टाळलं: २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत स्टिरॉइड आणि लिडोकेन (बधिर करणारं औषध) यांचा फायदा नुसत्या लिडोकेनपेक्षा फारसा जास्त निघाला नाही, आणि मधुमेहींत साखर काही दिवस चढते ती वेगळीच. एचबीए१सी ७.३ वर आला. चालण्याचं अंतर मात्र १५० मीटरवरून ८० वर उतरलं आणि अंगठ्याची ताकद आणखी घटली. इथे थांबण्यात अर्थ नव्हता. या काळात जननेंद्रियाभोवती बधिरपणा, लघवी अडणं किंवा दोन्ही पायांतलं बळ एकदम जाणं यापैकी काही झालं तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा, हे काकूंना कागदावर लिहून दिलेलं होतं.

मणके स्क्रूनं जोडायचे नाहीत, फक्त नळी मोकळी करायची, असं ठरलं. सरकणं ३ मिमीचं आणि स्थिर. थोडं सरकलेल्या मणक्यांत जोडण्याचा मोठा फायदा २०१६ च्या स्वीडिश चाचणीत दिसला नाही. २०२१ च्या नॉर्वेच्या चाचणीतही नुसतं मोकळं करणं कमी पडलं नाही. पुण्यात स्क्रूची सवय जरा जास्तच लागली आहे, असं म्हणावंसं वाटतं.

पालथं झोपवताना पोट मोकळं लटकतं ठेवलं. पोट दाबलं तर नळीतल्या शिरा फुगतात आणि रक्त थांबत नाही. पातळी सी-आर्मवर (शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या एक्सरे यंत्रावर) दोनदा पाहिली, एकदा चिरण्याआधी आणि एकदा लॅमिनाला टोक लावून. ३ सेंमीचा छेद, उजवीकडून. या शस्त्रक्रियेचं मर्म क्रमात आहे: आधी हाड, शेवटी अस्थिबंध. चौथ्या मणक्याच्या लॅमिनाचा खालचा भाग बरनं (हाड घासणाऱ्या ड्रिलनं) झिजवत वर जायचं, पिवळा अस्थिबंध जिथे लॅमिनाच्या आतून सुरू होतो तो काठ दिसेपर्यंत. तो काठ लॅमिनाच्या साधारण मध्यावर असतो. त्याच्या वर चरबी दिसली की वरची सुटका झाली. तोवर अस्थिबंध नसांवर ढाल म्हणून तसाच राहू द्यायचा. तो आधी काढणारे बरचं टोक उघड्या आवरणावर फिरवत बसतात, आणि मग आवरण फाटून आतलं पाणी येतं. नंतर टेबल तिरकं करून मणक्याच्या मागच्या काट्याच्या मुळाखालून पलीकडची बाजू. अस्थिबंध पाचव्या मणक्याच्या वरच्या काठावरून क्युरेटनं सोडवला, मधल्या नैसर्गिक फटीतून आवरण वेगळं केलं आणि २ मिमीच्या केरिसननं (चावून कापणाऱ्या चिमट्यानं) कडा कापल्या. प्रत्येक चाव्याआधी त्याचं पातं आवरणापासून सुटलंय ना ते बघून. फॅसेट सांध्याचा आतला तिसरा हिस्साच घेतला. निम्म्याहून जास्त गेला तर स्थिर मणका डुलायला लागतो. वेळ ९५ मिनिटं, रक्तस्राव ६० मिली.

काढलेला तुकडा

बहुतेक ठिकाणी काढलेला अस्थिबंध रक्ताच्या गुठळ्या आणि कापसाबरोबर ट्रेमधून कचऱ्यात जातो. इथे तो ठेवला. निरोगी अस्थिबंधाचा तुकडा चिमट्यात धरून ताणला तर रबरासारखा परत येतो. हा आला नाही. पांढुरका, चामड्यासारखा, खालच्या काठाशी किंचित खरखरीत. बरनं भाजलेले तुकडे बाजूला काढून एक अखंड पट्टी घेतली, पाठीकडच्या बाजूला शाई लावली (नाहीतर थर कुठला ते नंतर कळत नाही) आणि तुकड्याच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकली. मागणीपत्रावर नुसतं "मणक्याची ऊती" न लिहिता इलॅस्टिक व्हॅन गीसन (इलॅस्टिन आणि कोलॅजनसाठी) आणि कोंगो रेड (अमायलॉइडसाठी) हे दोन रंग नावानं मागितले. कोंगो रेडसाठी छेद नेहमीपेक्षा जाड, ८ ते १० मायक्रॉनचा लागतो. पातळ छेदात साठे दिसत नाहीत आणि रिपोर्ट खोटा नकारात्मक येतो.

व्हॅन गीसनमध्ये इलॅस्टिन काळं, कोलॅजन लाल. आवरणाकडचा थर काळ्या समांतर रेघांचा. मध्यापासून रेघा तुटक होत गेलेल्या, आणि पाठीकडचा थर जवळजवळ सगळा लाल, मध्ये नव्या रक्तवाहिन्या. खालच्या चिकटण्याच्या जागी कूर्चेसारख्या पेशी. कोंगो रेडमध्ये विखुरलेले लालसर डाग, ध्रुवित प्रकाशात सफरचंदी हिरवे. पुढच्या प्रतिपिंड-चाचणीत ट्रान्सथायरेटिन.

साठे विखुरलेले आणि थोडे होते. ६ मिमीचं मुख्य श्रेय पाठीकडच्या व्रणाला आणि दुमडीला जातं, अमायलॉइडला नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगितलं. पण हृदय तपासणं भाग होतं. ईसीजी, इको, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) आणि रक्त-लघवीतल्या लाइट चेन (प्रतिपिंडांचे तुकडे). लाइट चेन आधी बघायच्या. त्यांचा अमायलॉइड वेगळा आजार आहे, उपचार वेगळा आणि घाईचा, आणि त्या न बघता पायरोफॉस्फेट स्कॅन (हृदयातला अमायलॉइड शोधणारा) वाचला तर निदान चुकू शकतं. इकोत मधली भिंत ११ मिमी, बाकी तपासण्या सामान्य. १२ मिमीच्या वर असती तर स्कॅन आणि मग जनुकाची तपासणी केली असती. हृदयासाठी टाफामिडिससारखी औषधं आहेत, ती अस्थिबंधासाठी नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते वॉर्डात सरळ उभं राहून चालले. सहाव्या आठवड्यात ८०० मीटर, न थांबता. अंगठ्याची ताकद सहा महिन्यांत परत ५ पैकी ४ वर आली. तळपायाच्या मुंग्या तशाच आहेत. त्या मधुमेहाच्या, आणि त्या जाणार नाहीत हे शस्त्रक्रियेआधीच सांगितलेलं असल्यामुळे त्यावरून भांडण झालं नाही. वरच्या एल ३–४ चा ४.३ मिमीचा अस्थिबंध तसाच ठेवला आहे, त्याची काही तक्रार नाही. पर्वती सातव्या महिन्यात उतरून झाली, कठड्याला एकदाही हात न लावता, असं काकूंनी सांगितलं. पुढची इको वर्षभरानं.